पलटणीमागून आलेलं गाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या लहानपणी आमच्या घरी मगरिबची वेळ दोन आवाजांनी कळायची. सूर्य मावळताना छावणीतून बिगुल ऐकू यायचा आणि पाठोपाठ मशिदीतून अजान. रमजानात बिगुल वाजला की आम्ही मुलं खजुराकडे हात न्यायचो. दादी हात धरायची, ‘‘बिगुल पे रोजा नहीं खुलता, बेटा.’’

आमचं गाव कामठी. नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या अलीकडे. 1817 साली सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांच्या मुठीत गेलं. राजधानीवर वचक राहावा म्हणून 1821 मध्ये त्यांनी इथे छावणी वसवली. ‘कॅम्प-टी’चं कामठी झालं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

फौजेला नुसत्या बंदुका पुरत नाहीत. दूध लागतं, मांस लागतं, धोबी, शिंपी, मोची, सावकार लागतो. मद्रासी पलटणींबरोबर दक्षिणेतली माणसं आली; मुदलियार हे आडनाव आमच्याकडे कुणाला परकं वाटत नाही. मारवाडी व्यापारी आले. उत्तरेकडून मोमीन विणकर आले, 1857 नंतरच्या धामधुमीत तर पुष्कळच. माझे पूर्वज त्यांतलेच. त्यामुळे आमच्या घरात मागावर उर्दू, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी. मी कविता मराठीत लिहितो याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, गावात कुणी विचारतही नाही.

पुढे 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि व्यापार तिकडे वळू लागला. नंतर इंग्रजांनी इथली फौजही कमी केली. 1881 पासून वस्ती घटतच गेली, 1901 च्या शिरगणतीत 38,888 माणसं उरली. गिऱ्हाईक उठून गेलं, पण दुकानदार जाणार कुठे? कुणी लुगडी विणली, कुणी विड्या वळल्या. त्या विडी कामगारांना बाबू हरदास यांनी संघटित केलं. 1904 ते 1939, एवढंच आयुष्य लाभलेला हा कामठीचा माणूस. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द त्यांनीच रूढ केला. ‘सलाम आलेकुम’ला ‘वालेकुम सलाम’ असा जबाब मिळतो, तसं आपल्या लोकांतही काही असावं, असं त्यांच्या मनात आलं म्हणतात. आमच्या गल्ल्या पाहिलेल्या माणसाला हे सहज पटेल.

छावणी आजही आहे. गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र इथेच आहे. गावाला नगरपरिषद, छावणीला कॅन्टोन्मेंट बोर्ड. मधली रेघ डोळ्यांना दिसते. तिकडे रुंद रस्ते आणि जुनी झाडं, इकडे आम्ही.

पण रेघेपलीकडे नागरी वस्तीही असते, आणि तिची गोष्ट निराळी. देशभरच्या छावण्यांत इंग्रजांनी घरांसाठी जमिनी दिल्या, त्यांतल्या पुष्कळशा एका अटीवर. बांधकाम तुमचं, जमीन सरकारची. गरज पडली की नोटीस देऊ, बांधकामाची किंमत देऊ आणि जमीन परत घेऊ. याला ‘ओल्ड ग्रँट’ म्हणतात. अशा घरात चार-चार पिढ्या नांदल्या, तरी अंगणातली माती आपली म्हणता येत नाही.

2023 मध्ये हिमाचलमधल्या योलची छावणी मोडली आणि तिथली नागरी वस्ती छावणीतून बाहेर काढली. इतर छावण्यांबाबतही असाच विचार सुरू झाला. माझा एक मित्र असाच एका छावणीत राहतो. घर त्याच्या आजोबांनी बांधलेलं. ही बातमी वाचून त्याचा फोन आला. कर किती वाढेल, पाणी कोण देईल, यातलं त्याने काहीच विचारलं नाही.

‘‘भाई,’’ तो म्हणाला, ‘‘आता जमीन कुणाच्या नावावर होणार?’’