खांदा गेला : हयगय कोणाची, दाद कोठे?

हातावर पोट असलेल्या माणसाचा खांदा गेला की साऱ्या घराचा आधार डळमळतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात डोक्याच्या वर हात करून पान्हा फिरविणारे, पेट्या चढविणारे, प्रेसवर उभे राहणारे असंख्य कामगार आहेत. त्यांच्यापैकी कोणी खांद्याची शस्त्रक्रिया करून घेतो आणि सहा महिने लोटले तरी हात छातीच्या वर जात नाही, रात्री त्या कुशीवर निजता येत नाही. मग तो कागदांची पिशवी घेऊन युनियनच्या कचेरीत येतो आणि विचारतो, "दादा, केस ठोकू का?" याचे उत्तर एका शब्दात देणे आम्हांस कधी जमलेले नाही. कारण या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत : खांद्याला झाले काय, त्यात कोणाची हयगय होती काय, आणि दाद कोठे मागावी?

प्रथम खांदा. या सांध्याची खोबण उथळ असते. बशीवर चेंडू ठेवावा तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर टेकलेला असतो, आणि त्याला जागेवर धरण्याचे मोठे काम चार स्नायूंच्या कंडरा करतात. म्हणूनच हात चोहोबाजूंना फिरतो आणि म्हणूनच तो लवकर दुखावतो. फाटलेली कंडरा डॉक्टर टाके व हाडात बसविलेल्या खुंट्या यांच्या आधाराने पुन्हा हाडाशी बांधतात; पण ती तेथे रुजविण्याचे काम शरीराचे. वय, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, जुनी व मोठी फाट यांमुळे ती पुन्हा सुटू शकते. सांधा आखडतो, क्वचित जंतुसंसर्ग होतो. झोळीतून हात लवकर काढून ओझे उचलले तरी टाके तुटतात. आणि आमच्या कामगाराला हजेरी बुडण्याचे भय असते, त्यामुळे हे वारंवार घडते.

तेव्हा शस्त्रक्रिया फसली म्हणजे डॉक्टर चुकला, असे होत नाही. मग चूक कशाला म्हणावयाचे? याचे उत्तर देणारा एक महत्त्वाचा खटला आपल्या पुण्याचाच आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला मोटारीने पुण्याच्या एका रुग्णालयात आणले. तेथे भूल न देता, माणसांकरवी जोर लावून पाय ओढण्यात आला आणि त्याच रात्री तो तरुण दगावला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे १९६८ मध्ये तीन हजार रुपयांची भरपाई कायम झाली. न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना, आणि तो उपचार करताना वाजवी काळजी घेणे. सर्वोच्च कौशल्य कायदा मागत नाही. पण त्या धंद्यातील सामान्य जाणत्या माणसाइतकी काळजी मागतोच.

हीच मोजपट्टी खांद्याला लावावी. शस्त्रक्रियेपूर्वी योग्य तपासणी झाली काय? धोके व दुसरे उपाय समजावून मग सही घेतली, की न वाचलेल्या कागदावर अंगठा उमटवून घेतला? पुढे ताप व पू असताना तक्रार ऐकली काय? या प्रश्नांची उत्तरे रागात सापडत नाहीत, कागदांत सापडतात. म्हणून पहिले काम म्हणजे रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून सर्व नोंदी मागणे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत त्या द्यावयाच्या असतात, आणि त्या तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. दुसरे काम, त्या नोंदी दुसऱ्या अस्थितज्ज्ञाला दाखविणे. तो "हे होतेच" म्हणाला तर तेही ऐकावे.

आता दाद. १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याच्या कक्षेत आले. आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा निकाल २००७ चा : कामगार राज्य विमा योजनेच्या रुग्णालयात पैसे मोजावे लागत नसले, तरी कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली जाते, म्हणून तोही ग्राहक आहे. मोहननगरच्या विमा रुग्णालयात जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत साधारणपणे दोन वर्षे. उशिराला सबळ कारण दाखवावे लागते. वकील असलाच पाहिजे असे नाही.

डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. ती समज देऊ शकते, नोंदणी स्थगित करू शकते, पण भरपाई देत नाही. फौजदारीची घाई मात्र करू नये. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी ढोबळ हयगय हवी आणि खाजगी फिर्यादीला दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे मत जोडलेले असावे.

एक गोष्ट बहुतेक विसरतात. मूळ दुखापत कारखान्यात झाली असेल, तर अपघाताची नोंद झाली आहे की नाही ते आधी पाहावे. साध्या आजारपणाचा लाभ वेगळा आणि कामावरील अपघाताने आलेल्या अपंगत्वाचा लाभ वेगळा. तो मिळविण्यास डॉक्टरची चूक सिद्ध करावी लागत नाही. पुष्कळदा घरात पैसा येतो तो याच दाराने.

शेवटी, त्या पालशेतच्या खटल्याला पंधरा वर्षे लागली. आयोगातही तारखा पडतातच. तोवर खांदा थांबत नाही. न हलविलेला सांधा आणखी आखडतो. म्हणून आमच्याकडे येणाऱ्याला आम्ही सांगतो : तक्रार जरूर कर, पण डॉक्टरने मुभा दिली असेल तर भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम आजच सुरू कर. तक्रारीचे कागद आम्ही तुझ्याबरोबर बसून लिहू. व्यायाम मात्र तुझा तुलाच करावा लागेल.