नवस फेडणाऱ्याचा क्रूस : ब्राझीलच्या चित्रपटांतील दरिद्रीजन

चित्रपट हा विषय धर्मज्ञानाच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. उत्तर एवढेच की, ब्राझील देशात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दारिद्र्याविषयी जे चित्रपट निघाले, त्यांतील काही उत्तम कृतींत कथा फिरून फिरून चर्चच्या दारापाशी येऊन उभी राहते. दार उघडते की नाही, आणि न उघडल्यास काय होते, हे त्या चित्रपटांनी पाळकाला आवडो वा न आवडो स्पष्ट दाखविले आहे.

प्रथम त्या देशाच्या दारिद्र्याचे मूळ थोडक्यात ध्यानी घ्यावे. ब्राझीलमध्ये १८५० च्या जमीन कायद्याने सरकारी पडीक जमीन केवळ खरेदीनेच मिळेल असे ठरले. १८८८ साली गुलामगिरी रद्द झाली, परंतु मुक्त झालेल्यांच्या हाती ना जमीन आली, ना ती विकत घेण्यास पैसा. ईशान्येकडील ‘सेर्तांव’ या कोरड्या प्रदेशात मोठ्या जमीनदारांचे राज्य चालले आणि दुष्काळामागून दुष्काळ आले. १८७७ ते १८७९ च्या दुष्काळात लाखो माणसे दगावली. जगलेली माणसे दक्षिणेच्या शहरांकडे चालू लागली व शहरांच्या कडेला ‘फावेला’ नावाच्या वस्त्या वाढल्या. पुढील सर्व चित्रपटांची माणसे याच वाटेवरची आहेत.

आता त्या दाराची कथा. १९६२ साली आन्सेल्मो दुआर्ते यांचा ‘ओ पागादोर दी प्रोमेसास’ हा चित्रपट प्रदर्शित झाला व कान येथील महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले; हा मान मिळविणारा तो पहिलाच ब्राझिली चित्रपट. दियास गोमीस यांच्या नाटकावर तो आधारलेला आहे. या नावाचे मराठी भाषांतर करण्यास आपल्याला शब्द शोधावा लागत नाही : नवस फेडणारा. झे नावाच्या एका भोळ्या शेतकऱ्याचे गाढव वादळात जखमी होते. गाढव हाच त्याचा जिवलग. ते बरे व्हावे म्हणून तो सांता बार्बरा हिला नवस बोलतो : येशूने वाहिला तसा जड क्रूस खांद्यावर घेऊन तिच्या मंदिरापर्यंत चालत येईन, आणि माझी थोडीशी जमीन माझ्याहून गरीब असलेल्यांस वाटून देईन. गाढव बरे होते. झे सुमारे चाळीस किलोमीटर चालून, खांदा सोलवटून, पहाटे साल्वादोर शहरातील चर्चच्या पायऱ्यांवर पोहोचतो.

तेथील पाद्रे ओलाव्हो (आपला ‘पाद्री’ हा शब्द याच पोर्तुगीज भाषेतून आलेला) प्रथम त्याचे ममतेने ऐकून घेतात. मग नवस कोठे केला, हे विचारतात. झेच्या गावाजवळ सांता बार्बराचे मंदिर नव्हते, म्हणून तो कांदोम्ब्लेच्या स्थानी गेला होता. कांदोम्ब्ले हा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा धर्म. सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या त्या लोकांनी आपल्या देवता संतांच्या नावाखाली जपल्या. वीज व वादळ यांची देवता इआन्सां ही त्यांच्या लेखी सांता बार्बराच होय. झेला दोहोंत भेद दिसत नाही, आणि पाद्रींना भेदाखेरीज दुसरे काही दिसत नाही. ते दार लावून घेतात.

येथे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे की, पाद्रे ओलाव्हो हे खलपात्र नाहीत. त्यांचा युक्तिवाद कोणत्याही सेमिनरीत मान्य होईल असाच आहे : मूर्तिपूजेच्या स्थानी केलेला नवस चर्चमध्ये फेडता येत नाही, आणि स्वतःस ख्रिस्तासारखा क्रूस वाहणारा म्हणविण्यात गर्व आहे. नंतर एक वरिष्ठ धर्माधिकारी येऊन झेला नवसातून मोकळे करण्याची तयारीही दर्शवितात. अट एवढीच की, त्याने आपली चूक मान्य करावी. झे म्हणतो, वचन मी संतेला दिले, तुम्हांस नव्हे. मतभेद सिद्धान्ताचा आहे खरा, परंतु प्रेक्षकाला त्या वादाहून अधिक दिसतो तो पायऱ्यांवर दिवसभर उन्हात उपाशी बसलेला माणूस. त्याला पाणी हवे का, एवढे विचारण्याचेही आतल्या कोणाला सुचत नाही. मला स्वतःला चित्रपटातील सर्वांत मोठा आरोप हाच वाटतो.

दरम्यान वार्ताहर येतो व जमीन वाटण्याच्या नवसावरून झेला क्रांतिकारक ठरवितो. दुकानदार गर्दीवर धंदा करतो. झेची पत्नी एका लुच्च्याच्या नादी लागते. शेवटी पोलीस येतात. झटापटीत झे गोळी लागून मरतो. तेव्हा जमलेले गरीब लोक त्याचे शव त्याच्याच क्रूसावर ठेवून चर्चमध्ये नेतात. मे महिन्यात हा चित्रपट कान येथे गौरविला गेला, आणि त्याच वर्षी ११ ऑक्टोबर रोजी दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नाही. तथापि दोन्ही एकाच वर्षीच्या आहेत, हे विसरता येत नाही.

पुढच्याच वर्षी, १९६३ साली, नेल्सन पेरेरा दोस सान्तोस यांचा ‘विदास सेकास’, म्हणजे ‘कोरडी जीवने’, आला. ग्रासिलियानो रामोस यांच्या १९३८ च्या कादंबरीवरचा हा चित्रपट. गुराखी फाबियानो, त्याची पत्नी व्हितोरिया, दोन मुलगे आणि बालेया नावाची कुत्री दुष्काळातून चालत आहेत. मुलांना नावेच नाहीत : थोरला आणि धाकटा. आरंभीच भुकेपोटी पाळलेला पोपट मारून खावा लागतो. नाही तरी तो बोलत नव्हता, असे समाधान व्हितोरिया करून घेते. ज्या घरात माणसेच फारशी बोलत नाहीत तेथे पोपट काय शिकणार? छायालेखकांनी सेर्तांवचे ऊन मऊ न करता तसेच पडद्यावर येऊ दिले. पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. पार्श्वसंगीताच्या जागी बैलगाडीच्या चाकाची करकर ऐकू येते.

फाबियानोचा मालक हिशेबात त्याला फसवितो. पत्नीने घरी केलेला हिशेब वेगळाच निघतो, परंतु मालक म्हणतो की फरक व्याजाचा आहे, आणि फाबियानो टोपी हातात घेऊन क्षमा मागतो. एक शिपाई त्याला विनाकारण तुरुंगात टाकून मारतो. पुढे तोच शिपाई रानात एकटा सापडला असता फाबियानो कोयता उगारतो व खाली घेतो. सरकार ते सरकार, असे त्याला वाटते. ही क्षमा आहे की पिढ्यान्पिढ्यांची भीती, हे दिग्दर्शक सांगत नाही, आणि प्रवचनाकरिता हा प्रसंग घेऊ पाहणाऱ्याने येथे घाई करू नये.

धर्मशिक्षकांकरिता याहूनही विचार करण्याजोगा प्रसंग थोरल्या मुलाचा आहे. त्याच्या कानी ‘नरक’ हा शब्द पडतो. तो आईला अर्थ विचारतो. ती म्हणते, तेथे आग असते, तापलेल्या सळया असतात. मुलगा निरागसपणे विचारतो : तू पाहिलास का? उत्तरादाखल त्याच्या डोक्यावर टोला बसतो. मग तो बाहेर जाऊन कुत्रीजवळ बसतो आणि समोरच्या करपलेल्या जमिनीकडे पाहत तो शब्द पुनःपुन्हा उच्चारतो. या चित्रपटाला १९६४ साली कान येथे आंतरराष्ट्रीय कॅथॉलिक चित्रपट संघटनेचे पारितोषिक मिळाले, त्यात नवल नाही.

त्या वर्षी ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. त्याच काळातील दिग्दर्शक ग्लौबेर रोशा यांनी १९६५ साली एका निबंधात असे मांडले की, परदेशी प्रेक्षक आमची भूक एक विलक्षण दृश्य म्हणून चवीने पाहतो, म्हणून आमच्या चित्रपटाने भुकेला सुंदर करू नये. हा इशारा पुढे खरा ठरला. २००२ चा ‘सिदादे दे देउस’ जगभर गाजला, त्याची गती विलक्षण आहे. परंतु टीकाकार इव्हाना बेंतेस यांनी अशा चित्रणास भुकेची प्रसाधनकला असे म्हटले, ते मला बव्हंशी पटते. याउलट हेक्टर बाबेंको यांच्या ‘पिशोते’त (१९८१) रस्त्यावरच्या मुलाची भूमिका खऱ्या गरीब वस्तीतल्या फर्नांदो रामोस दा सिल्वा याने केली. चित्रपट जगाने वाखाणला. मुलगा मात्र आपल्या वस्तीतच परतला, आणि १९८७ साली, एकोणीस वर्षांचा असताना, पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला.

वॉल्टर साल्येस यांचा ‘सेंत्राल दो ब्राझील’ (१९९८) अनेकांस परिचित असेल. बर्लिन येथे त्याला सुवर्ण अस्वलासोबत ख्रिस्ती ऐक्यवादी परीक्षक मंडळाचेही पारितोषिक मिळाले. निवृत्त शिक्षिका दोरा ही रिओच्या रेल्वे स्थानकावर निरक्षरांची पत्रे लिहून देते व पैसे घेते, पण पत्रे टाकत मात्र नाही. आई मेलेल्या जोझुएला घेऊन ती त्याच्या बापाच्या शोधात ईशान्येकडे जाते. बापाचे नाव येशू, धंदा सुताराचा, आणि तो सापडत नाही. एका यात्रेत पैसे संपल्यावर ती यात्रेकरूंचे निरोप लिहून देते. स्थानकावर पत्रे सांगण्यास आलेल्यांपैकी पुष्कळजण नट नव्हते. सामान्य लोक खरोखरच पत्र लिहून घेण्यास पुढे झाले होते. त्यांचे चेहरे पाहावेत.

शेवटी २०१५ चा, आना मुयलायर्त यांचा ‘की ओरास एला वोल्ता’. व्हाल ही ईशान्येकडून आलेली मोलकरीण साव पावलोतील श्रीमंत घरात वर्षानुवर्षे राहते; मालकिणीचा मुलगा ती वाढविते, स्वतःची मुलगी दूर गावी. ती मुलगी प्रवेशपरीक्षेसाठी येते व घराच्या जलतरण तलावात उतरते, तेव्हा मालकीण उंदीर दिसल्याचे निमित्त करून पाणी उपसावयास लावते. या मालकिणीचे नावही बार्बरा आहे. घरकामगारांना दिवसाचे आठ तास व जादा कामाचा मोबदला हा हक्क ब्राझीलच्या राज्यघटनेत २०१३ साली आला. चित्रपटात एका रात्री व्हाल त्या अर्ध्या रिकाम्या तलावात पाय टाकते, थोडे पाणी उडविते, आणि तेथूनच मुलीला दूरध्वनी करून सांगते की, आपण कोठे उभ्या आहोत.