संगणकाची आवकवही

कोणत्याही कचेरीत किंवा शाळेत गेलात तर एक जाड वही हमखास दिसेल. तिला आवक-जावक बारनिशी म्हणतात. कागद कोणत्या तारखेला आला, कोठून आला, कशाबद्दल आला, हे तिच्यात लिहिलेले असते. पुढे वाद निघाला की पहिल्याप्रथम तीच वही उघडतात.

आता शाळाशाळांतून संगणक आले आहेत. मुलांची नावे, जन्मतारखा, गुण, सारे त्यात असते. आणि त्याच्या कडेला असलेल्या यूएसबीच्या खाचेत कोणीही बोटाएवढा पेन ड्राइव्ह खुपसतो, काम करतो आणि निघून जातो. या आवकेची बारनिशी कोण ठेवणार?

ती संगणक स्वतःच ठेवू शकतो. पण त्याला तसे आधी सांगून ठेवावे लागते.

हे कसे घडते, ते पाहू. पेन ड्राइव्ह खाचेत गेला की संगणक त्याला जणू विचारतो, "बाबा रे, तू कोण?" ते साधन आपली ओळख सांगते. बनवणाऱ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि, असल्यास, स्वतःचा अनुक्रमांक. त्यावरून संगणक ठरवतो की ही साठवणीची वस्तू आहे, छपाईयंत्र आहे, की कळफलक. विंडोज १० आणि विंडोज सर्व्हर २०१६ पासून ही ओळख सुरक्षा-नोंदवहीत उतरवण्याची सोय आहे. त्या नोंदीचा क्रमांक ६४१६. तीत वेळ, साधनाचे नाव, त्याचा वर्ग आणि ओळखक्रमांक असतात. एखादे साधन बसवण्यास मनाई केलेली असेल आणि तरी ते कोणी जोडले, तर त्याची नोंद ६४२३ या क्रमांकाने होते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. २००८ साली पश्चिम आशियातील एका तळावर अमेरिकी लष्कराच्या संगणकाला एक दूषित पेन ड्राइव्ह जोडला गेला. त्यातून घातक प्रणाली लष्कराच्या जाळ्यात पसरली. त्यानंतर त्या लष्कराला अशा साधनांवर काही काळ सरसकट बंदी घालावी लागली. एवढ्या बलाढ्य खात्याची ही गत, तर आपल्या शाळेच्या एका संगणकाचे काय?

आता असे समजा की परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्नपत्रिका बाहेर फुटली. संशय लगेच कोणावर जातो? बहुधा खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते त्या शिपायावर, नाहीतर नव्याने आलेल्या शिक्षकावर. अशा वेळी नोंद असेल तर सांगता येते की साठवणीचे साधन जोडले गेले ते दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी, आणि तेव्हा तो शिपाई तालुक्याला गेला होता. नोंद चोर पकडते हे खरेच, पण निरपराध माणसाला वाचवणे हे तिचे त्याहून मोठे काम आहे.

मात्र नोंदीवर आंधळा विश्वास ठेवू नका. साधन कोणाच्या हाताने जोडले गेले, हे ती सांगत नाही. तेथे सहसा संगणकाच्या स्वतःच्याच खात्याचे नाव असते. माणूस शोधायचा तर त्या वेळी कोण आत शिरले होते, ती ४६२४ क्रमांकाची नोंद ताडून पाहावी लागते. सगळे मास्तर एकाच नावाने आणि एकाच परवलीच्या शब्दाने काम करत असतील तर ताडणार काय? कपाळ! तसेच, कोणती फाइल उचलली हेही ६४१६ सांगत नाही. त्यासाठी काढत्या-घालत्या साठवणीची वेगळी तपासणी चालू करावी लागते.

आणखी एक गोष्ट. साधन खोटेही बोलू शकते. दिसायला पेन ड्राइव्ह, पण 'मी कळफलक आहे' असे सांगून संगणकाला आज्ञा देणारी साधने करता येतात, हे २०१४ साली जर्मन संशोधकांनी जाहीरपणे दाखवून दिले. म्हणून नोंदीतला वर्गही वाचावा. शाळेत नवा कळफलक आणलाच नसताना नोंदीत तो आला असेल, तर चौकशी करावी.

मग करावयाचे काय? चार गोष्टी. पहिली, जाणत्या माणसाकडून प्रगत तपासणी-धोरणात 'ऑडिट पीएनपी ॲक्टिव्हिटी' ही कळ चालू करून घ्या. ती मुळात बंद असते, आणि घटना घडून गेल्यावर चालू करून मागचे काही मिळत नाही. दुसरी, प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवा. तिसरी, संगणकाचे घड्याळ बरोबर आहे ना, ते पाहा. चुकीच्या वेळेची नोंद निरपराध्यालाच अडकवील. चौथी, वही भरली की संगणक जुनी पाने पुसून त्यावर नवी लिहितो, तेव्हा तिची जागा वाढवा आणि ठरावीक काळाने प्रत काढून दुसरीकडे ठेवा. कोणी सुरक्षा-नोंदवही पुसली, तर तीही गोष्ट ११०२ क्रमांकाने नोंदली जाते. कोऱ्या वहीतली ती एकच ओळ पुष्कळ बोलते.

आणि हो, ही नोंद चालू आहे हे सर्व सहकाऱ्यांना आधी सांगा. शाळेची बारनिशी काही कोणी लपवून लिहीत नाही. उद्या शाळेत गेलात की मुख्याध्यापकांना एवढेच विचारा : "गुरुजी, आपल्या संगणकाची आवकवही चालू आहे ना?"