आडवी होणार हे धरूनच: ट्रॅकच्या गाडीचा रंग

ट्रॅकवर फिरवायची मोटरसायकल आज ना उद्या आडवी होणार, हे धरूनच तिच्यावर पैसे घालावेत. गाडीबरोबर आलेलं कंपनीचं फेअरिंग, म्हणजे बाहेरचं कवच, एबीएस प्लास्टिकचं असतं. रंग सुरेख, पण एकदा डांबरावर घासलं की संपलं. म्हणून जाणती मंडळी ते आधीच उतरवून माळ्यावर ठेवतात. गाडी विकताना त्याचे चांगले पैसे येतात. त्याच्या जागी फायबरग्लासचं फेअरिंग चढतं. त्याला हेडलाइटची खिडकी नसते, आरशांची भोकं नसतात, आणि ते येतं कोऱ्या पांढऱ्या किंवा काळ्या जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरवरच्या कडक बाहेरच्या थरात. माझ्या जुन्या यामाहा आर-6चा असा सेट 700 डॉलरच्या आत मिळाला. तो रंगवून द्यायला मात्र दुकानाने त्याहून जास्त सांगितले. मग काम घरीच करायचं ठरलं.

मी राहते त्या अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडहून जवळचे ट्रॅक दोन. केंटचा पॅसिफिक रेसवेज, 1960 सालापासूनचा. आणि शेल्टनचा द रिज, जवळपास 4 किलोमीटर लांब, 16 वळणांचा, जिथे 2020 साली मोटोअमेरिकाची राष्ट्रीय शर्यत पहिल्यांदा झाली. हंगाम सुरू होतो वसंतात, म्हणजे गाडीची कामं हिवाळ्यात उरकायची. नेमके तेच महिने इथे पावसाचे. फेअरिंग रंगवावं की त्यावर व्हिनाइलची रंगीत फिल्म चिकटवावी, हे ठरवताना लोक रंगाचे डबे आणि व्हिनाइलचे रोल यांच्या किमती मांडून बसतात. माझं म्हणणं, रेडमंडमध्ये आधी हवा बघा. ओल्या, थंड हवेत मारलेला रंग वाळायला वेळ घेतो, पांढुरका पडतो, ओघळतो. गॅरेज बंद करून हीटर लावावा, तर कोपऱ्यात गॅसचा वॉटर हीटर उभा. त्याची ज्योत आणि थिनरची वाफ एका खोलीत कधीच नको. म्हणून फवाऱ्याचं काम मी जुलै-ऑगस्टमध्ये करते, जेव्हा इथे पाऊस आठवडेच्या आठवडे तोंड दाखवत नाही. हिवाळा व्हिनाइलचा.

घासणं मी कोल्हापुरात शिकले. शिवाजी उद्यमनगरात काकांचं पेंटिंगचं काम चालायचं, आणि सुट्टीत मला वॉटर पेपर आणि पाण्याची बादली मिळायची. "रंग कोन बी मारतंय, घासणारा पायजे," असं ते म्हणायचे, आणि फायबरग्लासला ते शब्दशः लागू पडतं. साच्यातून पॅनल सुटावं म्हणून साच्याला मेण लावलेलं असतं, ते पॅनलवर उरतं. आधी मेण काढणाऱ्या सॉल्व्हंटने स्वच्छ फडक्याने पुसायचं, फडकं उलटं करून पुन्हा पुसायचं, आणि मगच काचपेपर हातात घ्यायचा. क्रम चुकला तर तेच मेण ओरखड्यांत भरतं आणि रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. जेलकोटमध्ये टाचणीएवढी छिद्रं असतात, ती पुट्टीने भरायची. 320चा कागद, प्रायमर, त्यावर 600चा ओला कागद. बोट फिरवल्यावर कुठेही अडलं नाही पाहिजे. रंगाचा पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचं प्रायमर दिसेल इतका. मग दहा-दहा मिनिटांनी पुढचे हात.

घासलेलं पाणी अंगणाबाहेरच्या जाळीत ओतायचं नाही. इथलं रस्त्यावरचं गटार शुद्धीकरणाला जात नाही, थेट ओढ्यात जातं, आणि रेडमंडच्या बेअर क्रीकमध्ये सॅमन अंडी घालायला चढतात. उरलेला रंग आणि थिनर मी बेलव्ह्यूच्या फॅक्टोरिया केंद्रात देऊन येते.

सगळ्यात वरचा क्लिअर कोट हा खरा पेच. साध्या स्प्रे कॅनच्या क्लिअरवर पेट्रोल सांडलं की तो मऊ पडतो, आणि ट्रॅकवर पेट्रोल भरताना थोडं सांडतंच. हार्डनर मिसळलेला टू-के क्लिअर पेट्रोलला दाद देत नाही, पण त्यात आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. धुळीचा कागदी मास्क लावून कुणी तो मारत असेल तर त्याला हाताला धरून थांबवा. इथे पैसे वाचवणं मला मान्य नाही. तेवढा एक कोट मी दुकानातून मारून घेते.

म्हणून वाटणी केली. पोटाखालचं पॅनल रंगाचं, बाजूची मोठी पॅनल आणि नाक व्हिनाइलचं. खालचं पॅनल शर्यतीच्या नियमांप्रमाणे इंजिन फुटलं तर तेल धरून ठेवणारं असावं लागतं. सायलेन्सरच्या पाइपची धग आणि खडी तिथेच लागते, व्हिनाइलच्या कडा तिथे टिकत नाहीत. आतून मी ते पांढरंच ठेवते, तेलाचा थेंब लगेच दिसतो.

व्हिनाइल घेताना स्वस्ताईला भुलू नये. कॅलेंडर्ड व्हिनाइल लाटून केलेलं असतं. वक्रावर ताणलं की काही दिवसांनी मूळ आकाराकडे आखडतं आणि कडा उघड्या पडतात. कास्ट व्हिनाइल महाग, पण नाकावर बसतं. पाच फूट रुंदीच्या रोलवर पॅनल ठेवून, चहूबाजूंनी चार बोटं जास्त धरून कापते. मधून बाहेर रबरी पट्टीने हवा काढत जायचं. वळणावर हीट गनने मऊ करून ताण शक्य तितका पसरवायचा, एकाच जागी ओढायचं नाही. शेवटी ताणलेला भाग पुन्हा साधारण 95 अंशांपर्यंत तापवायचा, म्हणजे आकार तिथे पक्का होतो. ही शेवटची पायरी गाळली की रिजच्या पहिल्या उन्हात कड उचलते. कापताना ब्लेड पॅनलवर दाबू नये. जेलकोटला चीर गेली की तिथूनच तडा पुढे सरकतो.

पडल्यानंतर हिशोब उघड होतो. व्हिनाइल फाटलं तर तेवढंच पॅनल सोलून, खालचं फायबर आतल्या बाजूने कापड आणि रेझिनने सांधून, नवा तुकडा दोन तासांत चढतो. रंगाला पुन्हा घासण्यापासून सुरुवात. म्हणूनच एकाच वेळी थोडं जास्त व्हिनाइल घ्या: वेगळ्या लॉटच्या लाल रंगात फरक पडतो, आणि दुरुस्त केलेलं पॅनल लांबून ओळखू येतं.