एका डिकीत दोन जातींचे सबवूफर

गाडीच्या डिकीत एक सबवूफर बंद पेटीत आणि दुसरा पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी नळी असलेल्या, पेटीत बसवला, तर दोघांचे गुण एकत्र मिळतील असे वाटते. बहुतेक वेळा तसे होत नाही.

बंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी सबवूफरच्या कोनला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, आवरते. त्यामुळे खालच्या स्वरांत आवाज हळूहळू, सप्तकामागे साधारण 12 डेसिबलने उतरतो. पोर्टच्या पेटीत ठरावीक कंप्रतेला, समजा 35 हर्ट्झला, पोर्टमधली हवाच जोरात कंप पावते आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो. त्या कंप्रतेच्या आसपास आवाज भरपूर मिळतो. त्याखाली मात्र तो सप्तकामागे सुमारे 24 डेसिबलने कोसळतो.

खरी अडचण कलेची, म्हणजे फेजची आहे. 35 हर्ट्झच्या बऱ्याच वर दोन्ही पेट्या हवा एकाच वेळी ढकलतात आणि आवाजाची बेरीज होते. त्या कंप्रतेजवळ त्यांच्यात सुमारे 90 अंशांचा फरक पडतो. आणखी खाली तो 180 अंशांकडे जातो आणि दोन्ही आवाज एकमेकांना खोडतात. एका सबवूफरच्या तारा उलट्या जोडल्या, तर खालचे स्वर जुळतात, पण वरचे बिघडतात. पेट्या सरकवूनही उपयोग नाही, कारण 35 हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास 10 मीटर असते.

म्हणून सबवूफर आणि पेट्या एकसारख्याच घ्याव्यात. मिसळायच्याच असतील, तर स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आणि डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) वापरून दोघांना वेगवेगळे कंप्रतापट्टे वाटून द्यावेत.