गाडी दोघांची

आमच्या इंदापूर तालुक्यात मोटारसायकल ही चैन कधीच नव्हती. ती घरातला एक कर्ता माणूस असते. सकाळी डेअरीला दुधाची किटली, परत येताना कडवळाचा भारा, दुपारी युरियाचं पोतं आणि संध्याकाळी नातवाला क्लासहून आणणं. शेळगावात तिच्यावाचून पान हलत नाही. म्हणूनच ती बदलायची वेळ आली की घरात सोयरीक ठरवण्याइतकी चर्चा होते.

आमच्या पिढीला निवडीचा ताप नव्हता. राजदूत, येझदी, बुलेट, संपली यादी. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चार स्ट्रोकचं इंजिन गावोगाव पोचलं. बँकेत मी कर्जाच्या टेबलावर बसायचो. समोरचा शेतकरी वेग विचारायचा नाही, रंगही नाही. ‘साहेब, अ‍ॅव्हरेज किती?’ एवढंच. त्या एका प्रश्नात त्याच्या संसाराचा सगळा ताळेबंद असायचा.

२०१० साली घेतलेल्या माझ्या शंभर सीसीच्या गाडीची नोंदणीची पंधरा वर्षं भरली. पर्यावरण कर भरून आणखी पाच वर्षं काढता आली असती. पण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीतले रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले नसतात. गंमत अशी, की इथेनॉल उसापासूनही होतं आणि ऊस आमच्याच शिवारात उभा असतो. आमच्याच उसाने आमच्या गाडीला निवृत्त केलं म्हणायचं!

निवृत्त माणसाला मात्र फिरायचं असतं. नीरा-नरसिंहपूर, पंढरपूर, जमलं तर वरंध घाट उतरून कोकण, असा माझा बेत. मुलगा म्हणाला, ‘दादा, आता मोठीच घ्या.’ मोह कमी नव्हते. २०१८ साली जावा परत आली, २०२२ साली येझदी. तरुणपणी जिच्या आवाजाने मान वळायची, ती आता हप्त्याने मिळते. डोंगरात चालणाऱ्या उंच गाड्याही पाहिल्या. त्यात सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्यांचा चाळीसवर गेला. म्हणजे साडेतीनशेची रेघ सरकारनेच आखून दिली.

उरलेली रेघ आमच्या सौभाग्यवतींनी आखली. शोरूममध्ये त्या बुलेटच्या मागे उभ्या राहिल्या, सीटला हात लावला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही जा पंढरपूरला. मी एस्टीने येते.’ त्यांचा गुडघा दुखतो. उंच सीटवर, साडी सावरत, एका बाजूला बसणं त्यांना झेपणारं नाही. इतकी वर्षं संसारासाठी त्या माझ्या मागे बसल्या. हिंडण्यासाठी बसायची पाळी आली, तेव्हा त्यांना फाट्यावर सोडून जायचं?

तिथून माझा हिशेब बदलला. बुलेटचं वजन पावणेदोनशे किलोंच्या पुढे, शंभर सीसीच्या गाडीचं एकशे दहा-बाराच्या घरात. पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला धरते. कालव्याच्या भरावावर गाडी आडवी झाली, तर ती मला एकट्याला उभी करता आली पाहिजे. दुसरीकडे, रुंद झालेल्या पालखी मार्गावर मागून ट्रक येतो आणि पुढे गाळप हंगामातली उसाची ट्रॉली असते. तिथे ब्रेक दगा देता कामा नये. सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही.

असा काटा दीडशे सीसीवर स्थिरावला. वजन दीडशे किलोंच्या आत-बाहेर, सीट बेताची, अ‍ॅव्हरेज पोटाला चिमटा न काढणारं. ताशी साठने कोकण गाठता येतं; घाई कुणाला आहे? मी साडीगार्ड, मागचं पायदान आणि धरायचा दांडा तपासून घेतला. सुटे भाग इंदापूर-बारामतीत मिळतात का, हे विक्रेत्याला न विचारता मिस्त्रीला विचारलं. विमा आणि नोंदणी धरून रस्त्यावरची किंमत कागदावर मांडली.

तुमच्याही घरी गाडी बदलायची असेल, तर जुन्या बँकवाल्याचं एक ऐका. वर्षातले तीनशे दिवस गाडी कुठे जाते ते आधी लिहा, मग उरलेल्या दिवसांची स्वप्नं. आणि मागे बसणाऱ्या माणसाला बसवून पाहिल्याशिवाय सही करू नका. कर्जाच्या अर्जावर एकाचंच नाव असतं, पण गाडी दोघांची असते.

पहिला प्रवास नरसिंहपूरचा ठरला आहे. नीरा आणि भीमा जिथे भेटतात, तिथवर. डबा त्या करणार आहेत, पेट्रोल माझ्याकडे.