उष्ण मुलखांत काम करणाऱ्या मजुरांसाठीं ठळक जाकीट

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्या ऊसपट्ट्यांतील रस्ते रात्रभर वाहते असतात. बीड, अहिल्यानगर, धाराशिव या बाजूंनीं आलेल्या ऊसतोडणीच्या टोळ्या पहांटेच्या काळोखांत फडाकडे निघतात. भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कारखान्याची वाट धरतात. त्याच रस्त्यानें मोटारीही धांवत असतात. मळक्या कपड्यांतील मनुष्य मोटार हांकणाऱ्यास अंधारांत कसा दिसावा, हा प्रश्न आपण आजवर बहुधा मजुराच्या नशिबावर सोडीत आलों. रस्त्याचें काम करणाऱ्यांच्या अंगावर जें भडक पिवळें अगर नारिंगी जाकीट दिसतें, तो यावरील एक सोपा उपाय होय. मात्र हा पोशाख प्रथम थंड मुलखांत प्रचारांत आला. आपल्या उन्हांत तो कसा पारखून घ्यावा, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम थोडा हिशेब पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर चालून येते. पुढें मनुष्य आहे हें उमगून हांकणाऱ्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असें धरलें, तर तेवढ्यांत २५ मीटर सरतात. नंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी उभी राहण्यास आणखी २० मीटर तरी लागतात. म्हणजे मनुष्य निदान ४५ मीटरांवरून ओळखूं आला पाहिजे. भरलेला ट्रक असल्यास किंवा रस्ता ओला असल्यास अंतर याहून अधिक. घोंगडें पांघरलेला मनुष्य मंद दिव्यांत इतक्या लांबून दिसेल, असा भरंवसा कोणीं धरूं नये.

या जाकिटाचे दोन भाग असतात व दोहोंचें काम निरनिराळें आहे. भडक रंग हा दिवसाचा राखणदार. सूर्यप्रकाशांतील जे अतिनील किरण डोळ्यांस दिसत नाहींत, ते हा रंग शोषून घेतो व दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपानें बाहेर टाकतो. म्हणून तो साध्या रंगापेक्षां उजळ भासतो, आणि ढगाळ दिवशीं व सांजसकाळीं विशेष उठून दिसतो. रात्रीं मोटारीच्या दिव्यांत हे किरण फारसे नसल्यानें रंगाचें बळ सरतें. तेथें रुपेरी परावर्तक पट्टा कामास येतो. त्यांत कांचेचे बारीक मणी अगर सूक्ष्म लोलक असतात. ते दिव्याचा उजेड चोहींकडे न उधळतां, आला त्याच दिशेस म्हणजे हांकणाऱ्याच्या डोळ्यांकडे परत पाठवितात. तेव्हां पट्टा नसलेलें नुसतें भडक जाकीट रात्रीं निरुपयोगी समजावें. १९६४ सालीं ग्लासगो येथें ब्रिटिश रेल्वेनें रुळांवरील कामगारांस नारिंगी जाकिटें देऊन पाहिलीं. या पोशाखाच्या आरंभींच्या प्रयोगांपैकीं तो एक होय.

आतां उन्हाचा विचार. कडक उन्हाळ्यांत अंगांतील उष्णता बाहेर जाण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणें. घाम नुसता गळून गेल्यानें अंग निवत नाहीं. तो वाऱ्यानें अंगावर वाळला तरच निवतें. घट्ट विणीचें जाड जाकीट घातलें कीं वारा कोंडतो, जीव घाबरा होतो, आणि मजूर तें तासाभरांत काढून बांधावर टाकतो. बांधावर पडलेलें जाकीट कोणाचाही जीव वांचवीत नाहीं. म्हणून आमच्या मतें निवडीचा पहिला नियम असा कीं, पट्टा व रंग कसोटीस उतरणाऱ्या जाकिटांपैकीं जें मजूर दिवसभर अंगावर ठेवील, तेंच घ्यावें. चार पैसे स्वस्त म्हणून दुसरें घेऊं नये.

कापडाविषयीं. पुष्कळांस सुती कापड पसंत पडेल. परंतु हा भडक रंग सुतावर नीट टिकत नाहीं, पॉलिएस्टरवर टिकतो. यास्तव आंत सैल पातळ सुती सदरा व वर पॉलिएस्टरच्या जाळीचें बिनबाह्यांचें जाकीट, ही जोडी देशावरील व विदर्भांतील कोरड्या उन्हास बरी. सदऱ्याच्या बाह्या लांब असाव्यात, म्हणजे ऊन थेट कातडीवर लागत नाहीं. कोंकणांत हवा दमट असल्यानें घाम सावकाश वाळतो. तेथें बाजूंनीं मोकळें व ढिलें जाकीट घ्यावें. जाळीचीं भोकें मात्र फार मोठीं नसावींत, नाहींपेक्षां रंग विरळ होऊन जाकीट फिकें दिसतें. सलग पट्ट्याखालीं घाम कोंडतो. बारीक तुकड्यांनीं उमटविलेला पट्टा हवा खेळूं देतो.

ऊसतोडणींतील स्त्रिया पात्यांनीं अंग कापूं नये म्हणून साडीवर पुरुषी सदरा घालतात. त्यावर आणखी जाकीट चढविलें कीं कपड्यांचे थर वाढतात व उकाडा असह्य होतो. त्यांस जाकिटाऐवजीं पातळ कापडाचा, लांब बाह्यांचा व पट्टे शिवलेला भडक सदराच द्यावा. एका वस्त्रांत दोन्ही कामें होतात.

रंग निवडतांना मागची भूमि पाहावी. पिवळा-पोपटी रंग डोळ्यास सर्वांत उजळ लागतो. काळ्या नांगरटींत, डांबरी रस्त्यावर अगर कोंकणच्या तांबड्या मातींत तो उत्तम. परंतु उभ्या हिरव्या उसांत किंवा ज्वारींत तो पिकांत मिसळून जातो. तेथें नारिंगी घ्यावा.

माप व कसोटी यांविषयीं. या वस्त्रांसाठीं आयएसओ २०४७१ हें आंतरराष्ट्रीय मानक असून त्यांत तीन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गांत निदान अर्धा चौरस मीटर भडक कापड व ०.१३ चौरस मीटर पट्टा लागतो. पट्ट्याची रुंदी ५ सेंटिमीटरांहून कमी नसावी. या रुंदीनें हिशेब केला तर पट्ट्याची एकूण लांबी २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट भरली पाहिजे. दुकानांत टेप लावून हें कोणासही मोजतां येईल. पट्टा पुढून, मागून व कुशींवर असा सभोंवार असावा, कारण रस्ता ओलांडणारा मनुष्य मोटारीस बाजूनेंच दिसतो. आपल्याकडे आयएस १५८०९ हें भारतीय मानक आहे. लेबलावर यांपैकीं एखादा क्रमांक आहे कीं नाहीं हें पाहावें.

लेबलावर मात्र विसंबूं नये. अंधारांत जाकीट तीस पावलांवर टांगावें, विजेरी आपल्या डोळ्यालगत धरून त्यावर झोत टाकावा. खरा पट्टा पांढरा लखलखतो. नुसता करडा रंग दिलेला पट्टा तसाच मंद राहतो. मग पट्ट्यावर पाणी ओतून पुन्हां पाहावें. उघड्या मण्यांचा हलका पट्टा भिजला कीं मंदावतो.

दोन ठिकाणीं मात्र हें जाकीट ढिलें असतां घातक ठरतें. ट्रॅक्टरची पी.टी.ओ. मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेते. मळणीयंत्र, कडबाकुट्टी व पी.टी.ओ. यांजजवळ लोंबतें वस्त्र असूं नये. तेथें जाकीट काढावें. एरवींही बटणांऐवजीं झटक्यासरशीं सुटणारी चिकटपट्टी बरी. दुसरें ठिकाण विस्तवाचें. पॉलिएस्टर जळतांना वितळून कातडीस चिकटतें. म्हणून गुऱ्हाळाच्या चुलवणापाशीं व पाचट पेटलेल्या जागीं हें वस्त्र अंगावर नसावें.

धूळ व चिखल बसला कीं रंग आणि पट्टा दोन्ही मंदावतात, म्हणून जाकीट साध्या साबणानें वरचेवर धुवावें, ब्लीच घालूं नये, पट्ट्यावर इस्त्री फिरवूं नये व सावलींत वाळवावें. उन्हानें रंग विटतो. किती धुण्यांपर्यंत तें टिकेल, याचा आंकडा चांगल्या जाकिटाच्या लेबलावर असतो. रंग फिका पडलेलें जाकीट रस्त्यावरच्या कामास देऊं नये.

जाकीट हा उन्हावरील उतारा नव्हे, हेंही ध्यानांत असावें. कतार देशानें २०२१ सालीं नियम करून १ जून ते १५ सप्टेंबर या काळांत सकाळीं दहापासून दुपारीं साडेतीनपर्यंत उघड्यावरील काम बंद ठेवण्यास सांगितलें. आपल्याकडेही वैशाखांत भर दुपारचें काम टाळावें. पाणी व सावली यांची सोय आधीं, जाकीट मागाहून.

शेवटीं खर्चाचा प्रश्न. हें जाकीट मजुरानें स्वतःच्या उचलींतून घ्यावें, असें आम्हांस वाटत नाहीं. तो आपल्या फडावर आपल्या कामासाठीं येतो. सभासदांनीं हंगामाच्या आधीं मागणी एकत्र करून नमुने मागवावेत, वर सांगितल्याप्रमाणें रात्रीं व पाण्यांत पारखावेत, आणि दोन-तीन मजुरांस एक दिवस घालावयास देऊन त्यांचें मत घ्यावें. उसाच्या गाडीच्या मागेंही परावर्तक चकत्या लावाव्यात, कारण भारापुढें बसलेल्या गाडीवानाचें जाकीट मागून दिसत नाहीं. खताची व बियाण्याची खरेदी आपण जेवढ्या चौकशीनें करतों, तेवढीच चौकशी या खरेदींतही व्हावी, अशी सर्व सभासदांस आमची विनंती आहे.